घोरणाऱ्यांची मोजणी: स्लीप ॲप्नियाचा इतिहास

आजचा विषय आहे झोप. त्यातही झोपेत श्वास थांबणं, म्हणजे स्लीप ॲप्निया. 'ॲप्निया' हा मूळ ग्रीक शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'श्वासाविना' असा होतो. हा शब्द आता इंदूरपासून बेळगावपर्यंत आणि बडोद्यापासून हैदराबादपर्यंत डॉक्टरांच्या तोंडून ऐकू येतो. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वी हे नावच अस्तित्वात नव्हतं. आज जगात हा विकार असलेल्या प्रौढांचा आकडा नव्वद कोटींच्या वर सांगितला जातो. मग ही माणसं आधी कुठे होती? ती होतीच, फक्त त्यांना कोणी मोजलं नव्हतं. ही मोजणी कशी सुरू झाली आणि त्यात कोण सुटून गेलं, याचा हा इतिहास आहे.

विनोदाचा विषय

आपल्याकडे खूप झोपणाऱ्याला कुंभकर्ण म्हणतात. वाल्मीकींच्या युद्धकांडात त्याला उठवायला गेलेले राक्षस त्याच्या श्वासाच्या झोताने मागे ढकलले जातात. ढोल-नगारे वाजवूनही तो जागा होत नाही. पुराणातल्या पात्राला आजचा आजार चिकटवण्यात अर्थ नाही, पण एक गोष्ट लक्षात घ्या. अवाढव्य देह, घोरणं आणि न संपणारी झोप यांची सांगड आपल्या मनात फार जुनी आहे, आणि ती हसण्यावारी नेण्याची सवयही तितकीच जुनी आहे.

ग्रीकांकडेही असं एक उदाहरण आहे, आणि ते खऱ्या माणसाचं आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर हेराक्लिया नावाचं नगरराज्य होतं. तिथला शासक डायोनिसियस इतका लठ्ठ झाला, की झोपेत त्याचा श्वास कोंडू लागला. अथेनियस या लेखकाने नोंदवलंय, की वैद्यांनी लांब, बारीक सुया करून घेतल्या होत्या. राजा गाढ झोपला की त्या त्याच्या अंगात टोचायच्या. चरबीतून सुई आत गेली तरी त्याला काही कळायचं नाही, मांसाला लागली की तो जागा व्हायचा. क्रूर वाटतं, पण उपायामागचा विचार चुकीचा नव्हता. श्वास थांबला की माणसाला जागं करायचं. आपला मेंदू रात्रभर नेमकं हेच करत असतो, ते आपण पुढे बघू.

मग येतो चार्ल्स डिकन्स. १८३६-३७ मध्ये हप्त्याहप्त्याने छापल्या गेलेल्या 'पिकविक पेपर्स' या कादंबरीत जो नावाचा एक नोकर पोरगा आहे. तो लठ्ठ आहे, लालबुंद चेहऱ्याचा आहे, सतत खातो आणि कुठेही झोपतो. काम करता करता, अगदी उभ्या उभ्याही तो घोरायला लागतो. डिकन्सला आजार सांगायचा नव्हता, त्याला वाचकांना हसवायचं होतं. पण त्याची निरीक्षणशक्ती अशी, की सव्वाशे वर्षांनी डॉक्टरांनी या पोराच्या गोष्टीवरून एका आजाराला नाव दिलं.

पत्त्यांच्या डावात झोपलेला माणूस

मधल्या काळात काही डॉक्टरांनी हे अर्धवट पाहिलं होतं. १८७७ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रॉडबेंट यांनी लिहिलं, की उताणी झोपून जोरात घोरणाऱ्या वयस्क माणसांमध्ये मधूनमधून श्वास घशातला अडथळा ओलांडू शकत नाही. छाती हलत राहते, पण हवा आत जात नाही. मग एकदम मोठा आवाज होऊन श्वास सुटतो. आजच्या पाठ्यपुस्तकात शोभेल असं हे वर्णन आहे. पण ते दुसऱ्याच एका विषयावरच्या लेखात आलं होतं आणि तिथेच राहून गेलं.

१९५६ मध्ये अमेरिकेत सिडनी बरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. एक्कावन्न वर्षांचा, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेला हा गृहस्थ दर आठवड्याला पोकर खेळायचा. एका डावात त्याच्या हाती तीन एक्के आणि दोन राजे आले. असे पत्ते वर्षानुवर्षांत एखाद्या वेळी येतात. आणि हा माणूस पत्ते हातात धरून झोपी गेला! डाव तर गेलाच, पण आपल्याला काहीतरी झालंय हेही त्याच्या लक्षात आलं आणि थोड्याच दिवसांत तो इस्पितळात दाखल झाला. डॉक्टरांना डिकन्सचा जो आठवला, आणि त्यांनी या विकाराला 'पिकविकियन सिंड्रोम' असं नाव दिलं.

नाव गाजलं, पण कारण चुकलं. त्यांचं म्हणणं होतं, की चरबीच्या ओझ्याने श्वास उथळ होतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि त्यामुळे माणसाला गुंगी येते. लठ्ठपणामुळे श्वास अपुरा पडणं हा खरा आजार आहे, तो आजही वेगळा ओळखला जातो. पण दिवसाच्या झोपेचं मुख्य कारण वेगळंच होतं. ते सापडलं नाही, याचं कारण साधं होतं. डॉक्टर रुग्णाला दिवसा तपासत होते आणि आजार रात्री चालू होता.

रात्री कोण जागलं?

१९६५ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय इथे आंरी गास्तो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या मेंदूचा विद्युत आलेख आणि श्वास दोन्ही एकाच वेळी रात्रभर नोंदवले. त्याच सुमारास जर्मनीत फ्रायबुर्ग इथे युंग आणि कूलो यांनीही तेच केलं. हे सगळे लोक मेंदूविकारांचे तज्ज्ञ होते, छातीच्या आजारांचे नव्हेत. कागदावर उमटलेल्या रेघांनी जे दाखवलं ते सरळ होतं. झोप लागली की श्वास थांबतो, प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, श्वास सुरू होतो, पुन्हा झोप लागते, पुन्हा श्वास थांबतो. एका रात्रीत शेकडो वेळा.

हे का होतं? आपला घसा हाडाची नळी नाही. जिभेच्या मागचा भाग मऊ स्नायूंनी उघडा धरलेला असतो. झोपेत स्नायू सैलावतात. जागा मुळातच अरुंद असेल, तर आधी भिंती थरथरतात. ते झालं घोरणं. मग त्या एकमेकींना चिकटतात. तो झाला ॲप्निया. छाती आणि पोट जोर लावत राहतात, पण दार बंद असतं. मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, स्नायू ताठ होतात आणि दार उघडतं. हेराक्लियाच्या वैद्यांची सुई ती हीच. फरक इतकाच, की माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही. 'मी तर आठ तास गाढ झोपलो,' असंच तो सांगतो. प्रत्यक्षात त्याच्या झोपेची लक्तरं झालेली असतात.

१९६९ मध्ये कूलो यांनी याचा पुरावाच दिला. त्यांनी रुग्णाच्या गळ्याला छिद्र पाडून श्वासाला घशाखालून वाट करून दिली, आणि दिवसाची गुंगी गेली. म्हणजे दोष अडथळ्याचा होता. उपाय परिणामकारक होता, पण गळ्यात भोक घेऊन जगायला कोण तयार होईल? सौम्य त्रास असलेले लोक डॉक्टरांकडे यायचा प्रश्नच नव्हता.

इटलीत बोलोन्याच्या एलिओ लुगारेसी यांनी पुढचा प्रश्न विचारला. ही फक्त अतिलठ्ठ माणसांची गोष्ट आहे का? घोरणारा प्रत्येक माणूस याच वाटेवर तर नाही ना? त्यांच्या गटाने शेजारच्या सान मरिनो या चिमुकल्या देशात ५,७१३ लोकांना घोरण्याबद्दल विचारलं. १९८० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोज घोरणाऱ्यांमध्ये रक्तदाब जास्त आढळला. थट्टेचा विषय असलेलं घोरणं पहिल्यांदाच लोकसंख्येच्या पातळीवर मोजलं गेलं.

आणि नाव? फ्रान्समधून अमेरिकेत स्टॅनफर्डला गेलेल्या क्रिस्तियां गिय्यमिनो यांनी दाखवलं, की सडपातळ माणसांनाही आणि लहान मुलांनाही हा त्रास होतो. १९७६ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह 'स्लीप ॲप्निया सिंड्रोम' हे नाव रूढ केलं. डिकन्सचा लठ्ठ मुलगा नावातून बाहेर पडला. हा बदल फार मोठा होता. जोपर्यंत आजाराच्या नावातच लठ्ठपणा होता, तोपर्यंत बारीक माणसाकडे कोणी संशयाने बघितलंही नसतं.

उपाय आला, तशी मोजणी आली

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८० मध्ये एक साधी कल्पना लढवली. घसा आतून मिटतो ना, मग नाकातून हलक्या दाबाने हवा सोडून तो उघडा ठेवू. व्हॅक्यूम क्लीनरसारख्या यंत्राची मोटर, एक नळी आणि नाकावर चिकटवलेला मुखवटा, अशी ती सुरुवात होती. १९८१ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात पाच रुग्णांचा अनुभव छापून आला. हेच आजचं सीपॅप यंत्र.

इतिहासात असं पुष्कळदा होतं. सोसवेल असा उपाय हाती आला, की आजार शोधायला लोक बाहेर पडतात. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात टेरी यंग आणि सहकाऱ्यांनी सरकारी नोकरीतल्या ३० ते ६० वयाच्या ६०२ स्त्री-पुरुषांना रात्रभर प्रयोगशाळेत झोपवून तपासलं. हे लोक रुग्ण म्हणून आले नव्हते, रोज कामावर जाणारी ही साधी माणसं होती. १९९३ मध्ये आकडे आले. २४ टक्के पुरुष आणि ९ टक्के स्त्रिया यांचा श्वास तासाला पाच किंवा अधिक वेळा अडखळत होता. त्याबरोबर दिवसाची झोपही धरली, तर ४ टक्के पुरुष आणि २ टक्के स्त्रिया.

इथे थोडं थांबू या, कारण सगळी मेख इथे आहे. श्वास किमान दहा सेकंद पूर्ण थांबला किंवा बराच कमी झाला, तर तो एक अडथळा. तासाला असे किती अडथळे होतात, त्या आकड्याला एएचआय म्हणतात. पाच ते पंधरा म्हणजे सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि तिसाच्या वर तीव्र. आता 'स्लीप ॲप्निया किती जणांना आहे?' याचं उत्तर तुम्ही रेघ कुठे मारता यावर ठरतं. पाचावर मारली तर चारातला एक पुरुष, लक्षणंही धरली तर पंचविसातला एक. दोन्ही आकडे एकाच अभ्यासातले आहेत आणि दोन्ही खरे आहेत.

पुढे स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात चाळिशीपुढच्या २,१२१ लोकांची तपासणी झाली. २०१५ मध्ये आलेला आकडा धक्कादायक होता. मध्यम ते तीव्र ॲप्निया जवळजवळ ५० टक्के पुरुषांत आणि २३ टक्के स्त्रियांत आढळला. बावीस वर्षांत जग इतकं आजारी झालं? वजनं वाढली, हे खरं. लोझानमधले लोक वयानेही मोठे होते. पण श्वासाचा बारीकसा चढउतार पकडणारी साधनं आली होती आणि अडथळ्याची व्याख्याही सैल झाली होती. जाळं बारीक विणलं की मासे जास्त लागतात. २०१९ मध्ये अनेक देशांचे आकडे एकत्र करून अंदाज आला, की ३० ते ६९ वयाच्या सुमारे ९३ कोटी ६० लाख लोकांचा एएचआय पाचाच्या वर आहे आणि ४२ कोटी ५० लाख लोकांचा पंधराच्या वर. म्हणून कुठलाही आकडा ऐकला की आधी विचारा, रेघ कुठे मारली आहे?

आपल्याकडचे आकडे

भारतात यातला एक महत्त्वाचा अभ्यास मुंबईत झाला. हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि त्यातल्या २५० जणांची घरी रात्रभर तपासणी केली. २००४ मध्ये निष्कर्ष आले. झोपेतला श्वासाचा बिघाड १९.५ टक्के, दिवसाच्या झोपेसकट ७.५ टक्के. हा दुसरा आकडा विस्कॉन्सिनमधल्या पुरुषांच्या ४ टक्क्यांपेक्षा जास्त होता, आणि हे सगळे पुरुष धडधाकट म्हणवणारे, शहरी होते. त्यानंतर दिल्लीत दोन अभ्यास झाले, आणि त्यांत स्त्रियाही होत्या. २००६ मध्ये सुमारे साडेतेरा टक्के आणि २००९ मध्ये ९.३ टक्के असे आकडे मिळाले. २०२३ मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी भारतातले अभ्यास एकत्र केले, तेव्हा प्रौढांमध्ये सरासरी ११ टक्के प्रमाण आलं: पुरुषांत १३ आणि स्त्रियांत ५. म्हणजे कामाच्या वयाचे सुमारे १० कोटी ४० लाख भारतीय, आणि त्यातले ४ कोटी ७० लाख मध्यम ते तीव्र गटातले.

२०२२ च्या फेब्रुवारीत संगीतकार बप्पी लाहिरी गेले. मृत्यूचं कारण सांगताना त्यांच्या डॉक्टरांनी स्लीप ॲप्नियाचं नाव घेतलं, आणि अनेक घरांत हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा पोचला.

धोका कोणाला?

वजन हे सर्वांत मोठं कारण. विस्कॉन्सिनच्या लोकांवर पुढे वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा दिसलं, की वजन १० टक्के वाढलं तर एएचआय सरासरी ३२ टक्क्यांनी वाढतो आणि १० टक्के उतरलं तर २६ टक्क्यांनी कमी होतो. मानेचा घेर महत्त्वाचा. चाळीस सेंटिमीटरच्या वर असेल, तर सावध राहावं. वय वाढतं तसा धोका वाढतो. दारू आणि झोपेच्या गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात. थायरॉइड कमी असणं, सतत चोंदलेलं नाक, आखूड किंवा मागे गेलेला खालचा जबडा आणि घरातला इतिहास हेही धोके आहेत. मुलांमध्ये बहुधा टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी वाढलेल्या असतात. तोंड उघडं टाकून झोपणारं आणि शाळेत लक्ष नसणारं मूल 'मठ्ठ' नसून अर्धवट झोपलेलं असू शकतं.

आपल्यासाठी खास गोष्ट ही, की आशियाई लोकांना कमी वजनातही हा त्रास होतो. जबड्याची ठेवण हे एक कारण, आणि पोटावर-मानेवर चरबी साठण्याची आपली प्रवृत्ती हे दुसरं. म्हणून भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेघ बीएमआय ३० वर न मारता २५ वर मारावी, असं आपल्या तज्ज्ञांनी ठरवलं आहे. 'मी काही जाडा नाही' हे उत्तर पुरेसं नाही.

आणि स्त्रिया? सुरुवातीला झोपेच्या दवाखान्यांत आठ-दहा पुरुषांमागे एक बाई यायची. सगळ्यांनी धरून चाललं, की हा पुरुषांचा आजार आहे. विस्कॉन्सिनने लोकांमध्ये जाऊन मोजलं, तर प्रमाण अडीच-तीनास एक इतकंच निघालं. मग बाकीच्या बायका कुठे गेल्या? उत्तर साक्षीदारात आहे. या आजारात रुग्णाला स्वतःला काही दिसत नाही, त्याचा श्वास थांबलेला दुसऱ्याने बघावा लागतो. नवऱ्याचा श्वास अडकला की बायको जागी होते, घाबरते, त्याला हलवते आणि डॉक्टरांकडे ओढून नेते. बायकोचा श्वास अडकतो, तेव्हा शेजारी बहुधा कोणी जागं नसतं. शिवाय बाई घोरते हे घरात बोललंच जात नाही. ती डॉक्टरांना सांगते थकवा, डोकेदुखी, झोप न लागणं, उदास वाटणं, आणि गोळ्या घेऊन परत येते. पाळी थांबल्यानंतर स्त्रियांमधलं प्रमाण चांगलंच वाढतं, आणि नेमक्या त्याच वयात 'आता हे व्हायचंच' म्हणून विषय मिटवला जातो. १९९७ मध्ये विस्कॉन्सिनच्याच संशोधकांनी अंदाज मांडला, की मध्यम ते तीव्र ॲप्निया असलेल्या ८२ टक्के पुरुषांचं निदान झालेलं नाही. स्त्रियांमध्ये हा आकडा ९३ टक्के होता.

मोजायचं कशासाठी?

१ डिसेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कमध्ये एक लोकल गाडी वळणावर रुळांवरून घसरली. वेगमर्यादा ताशी सुमारे ४८ किलोमीटर होती, गाडी १३२ च्या वेगाने होती. चार माणसं गेली. चौकशीत निघालं, की चालकाला डुलकी लागली होती, त्याला निदान न झालेला तीव्र ॲप्निया होता आणि त्याची पाळीही नुकतीच बदलली होती. आपल्या महामार्गांवर रात्रभर ट्रक आणि बस चालवणाऱ्यांचा विचार करा. चाळिशीच्या आसपासचे पुरुष, बैठं काम, वेळी-अवेळी जेवण, वाढलेलं पोट. धोक्याची सगळी कलमं एका माणसात असतात, आणि त्याच्या मागे चाळीस प्रवासी झोपलेले असतात.

उपायांबद्दलही प्रामाणिक राहायला हवं. सीपॅपने दिवसाची झोप जाते आणि रक्तदाब थोडा उतरतो. पण २०१६ मध्ये आलेल्या २,७१७ हृदयरुग्णांच्या मोठ्या चाचणीत सीपॅपने हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. त्या लोकांनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच लावलं होतं, हेही तितकंच खरं. म्हणजे सौम्य आकडा दिसला म्हणून घाबरून यंत्र विकत घ्यायचं कारण नाही, आणि दिवसा झोप अनावर होत असताना दुर्लक्षही करायचं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत टिर्झेपटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधाला लठ्ठ रुग्णांच्या मध्यम ते तीव्र ॲप्नियासाठी परवानगी मिळाली. गोष्ट पुन्हा वजनापाशी येऊन पोचली.

तर मंडळी, घरी एवढं करा. घोरणाऱ्या माणसाला हसण्याआधी दोन मिनिटं त्याचा श्वास ऐका. घोरणं मध्येच बंद पडून शांतता होते का आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास येतो का, ते बघा. दुपारी बसल्या बसल्या, गाडी चालवताना झोप येते का? औषधं घेऊनही रक्तदाब उतरत नाही का? यातलं काही असेल, तर डॉक्टरांना झोपेच्या तपासणीबद्दल विचारा. ती आता अनेक शहरांत घरच्या घरीही होते. आणि हे सगळं आईबद्दल, सासूबाईंबद्दल, बायकोबद्दलही विचारा. या मोजणीत त्याच सगळ्यांत जास्त सुटल्या आहेत.

पुढच्या भागात भेटू.